अकोल्याचा बावीस अंशांचा उन्हाळा

नोकरीत मला ज्या कामाची सगळ्यात जास्त किळस आली, ते काम मी स्वतः, वेळेत आणि एकही चूक न करता पार पाडलं. त्याबद्दल पुण्याहून अभिनंदनाचा मेलही आला होता.

शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती ती. वऱ्हाडात काहीतरी बिघडलंय हे मुंबईला कळलं होतं, आणि कळल्यावर आमच्याकडे सगळ्यात आधी काय आलं असेल तर याद्या. कोणाची विहीर मंजूर, कोणाची गाय मंजूर, कोणाचा अर्ज परत. एवढ्या याद्या ठेवायला यंत्रं लागतात. ते कंत्राट ज्या खाजगी कंपनीला मिळालं तिच्या अमरावतीच्या ऑफिसात मी होते. कंपनीच्या सर्व्हर रूम तीन ठिकाणी होत्या. मुख्य पुण्याला, दुसरी अमरावतीला आणि तिसरी अकोल्याला. गावात दिवसातले कितीतरी तास लोडशेडिंग असायचं, पण याद्यांना एसी होता.

माझं काम देखरेखीचं. सर्व्हर रूममधल्या प्रत्येक यंत्राची दर पाच मिनिटांनी चौकशी करणारं एक सॉफ्टवेअर असतं. डिस्क भरली का, यंत्र बंद पडलं का, खोली तापली का, एवढंच ते बघतं. ठरवलेल्या मर्यादेबाहेर काही गेलं की त्या खोलीत आणि पुण्याला मोबाइलवर अलार्म वाजतो आणि पडद्यावर त्या गावाचा हिरवा ठिपका लाल होतो. तिन्ही ठिकाणचं जुनं सॉफ्टवेअर मीच बसवलं होतं. ते काढून नवं बसवायचं ठरलं तेव्हा योजना कोणी करायची हा प्रश्नच आला नाही. बाईमाणूस कागदपत्रं नीट ठेवते, असं आमच्या पुण्याच्या साहेबांचं मत होतं. ते त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, कौतुक म्हणून.

पहिल्या बैठकीला मी पुण्याला गेले. साहेब माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांच्या सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर हिरवंगार शेत आणि त्यात हसणारा पगडीवाला माणूस. आमच्याकडे शेतात कोणी पगडी घालत नाही, डोक्याला दुपट्टा बांधतात. दुसऱ्या पानावर नकाशा. पुण्यावर एक ठिपका, आणि उजवीकडे दूर कुठेतरी एकच ठिपका, खाली लिहिलेलं ‘विदर्भ’.

मी म्हटलं, “अमरावती आणि अकोला वेगळी आहेत. मध्ये जवळजवळ शंभर किलोमीटर आहेत.”

“हो, पण हवामान वगैरे सेमच ना?” साहेब म्हणाले.

अकोल्याचं ऊन अमरावतीच्या माणसालासुद्धा सोसत नाही, हे मी तिथे सांगत बसले नाही. बिस्किटं फिरत होती. कोणीतरी शेजारच्याला “काय करून राहिला बे?” असं म्हणून दाखवत होतं आणि दोघं हसत होते. मी वही उघडली.

योजनेत त्यांना काय हवं होतं ते चौथ्या पानावर होतं. तिन्ही खोल्या पुण्यात बसून पाहायच्या. अमरावतीला मी आहेच. अकोल्याच्या ओळीत ‘स्थानिक ऑपरेटर: एक’ आणि त्यापुढे ‘नव्या प्रणालीनंतर गरज नाही’.

तो एक ऑपरेटर म्हणजे चाचा. ऑफिसात सगळे त्यांना चाचाच म्हणत. वय छप्पन्न. आधी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात वायरमन होते. कापूस पिकवणाऱ्यांपाठोपाठ जिनिंगचंही कंबरडं मोडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. मग दोन वर्षं घरी. मग आमच्याकडे, दर मार्चला नव्याने होणाऱ्या कंत्राटावर. कॉम्प्युटरचं शिक्षण शून्य. पण वीज गेली की जनरेटर हाताने सुरू करायचे तेच, कारण तो आपोआप सुरू करणारी कळ बसवल्या दिवसापासून कधी चालली नव्हती. एसी जनरेटरवर. म्हणजे चाचा नाहीत तर एसी नाही. हे मी बैठकीत सांगितलं. साहेबांनी ‘कळ दुरुस्त करणे’ असं एका ओळीत लिहून घेतलं आणि पुढचं पान काढलं. ती कळ दुरुस्त करा म्हणून मी याआधी तीनदा लिहिलं होतं.

परत आल्यावर मी जुन्या सॉफ्टवेअरमधले गेल्या वर्षभराचे आलेख काढले. नव्यात कोणत्या मर्यादा टाकायच्या ते ठरवायला जुनं वागणं बघावं लागतं. अमरावतीच्या खोलीचं तापमान माणसासारखं होतं. दुपारी चढायचं, संध्याकाळी उतरायचं, मे महिन्यात दोन-तीनदा अलार्म वाजायचा. अकोल्याचं तापमान एप्रिल-मेमध्येही बावीसच्या आसपास. मला या सरळ रेघेचा अभिमान होता. अमरावतीच्या पोरांना मी ती दाखवलीही होती, बघा, चाचा खोली कशी ठेवतात.

या वेळी मी आलेख मोठा करून पाहिला. रेघ सरळ नव्हती. करवतीसारखे बारीक दात होते तिला. दर तासाला तापमान पटकन खाली यायचं आणि मग हळूहळू चढायचं. दिवसभर दात, फक्त दिवसाच. आणि आठवड्यातून एकदा, दुपारी एक ते अडीचच्या दरम्यान, दात गायब आणि तिथे एक टेकडी. मी कॅलेंडर बाजूला घेऊन बसले. सगळ्या टेकड्या शुक्रवारच्या होत्या.

शुक्रवारी त्या वेळी चाचा नमाजाला जायचे. एसीला नमाज नसतो. म्हणजे दर तासाला तिथे जे काही थंड होत होतं ते चाचा स्वतः करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने मी अकोल्याला गेले. नव्या सॉफ्टवेअरचा तापमानाचा सेन्सर पिशवीत होता. योजनेप्रमाणे जुनं आणि नवं पंधरा दिवस शेजारी-शेजारी चालवायचंच होतं. आमचं अकोल्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या प्रत्येक वळणावर तंबाखूच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या, इतक्या जुन्या की त्यांच्यावर नव्यांचे थर चढलेले. बायकांसाठी संडास नाही. शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची ओळख मी त्यासाठीच जपून ठेवली होती. दारावर मात्र पितळी पाटी, चकचकीत.

चाचा दारातच होते. “या ताई. फोन करून आल्या असत्या तं स्टँडवर आलो असतो ना. एवढ्या उन्हात पायी आल्या?”

“आधी खोली दाखवा.”

“पानी तं घ्या.”

“खोली, चाचा.”

आत गेल्याबरोबर अंगावर आलेली हवा बावीस अंशांची नव्हती. दोन एसींपैकी एक चालू होता, दुसऱ्याचं तोंड कागदी टेपने बंद. जुना सेन्सर रॅकच्या बाजूला, छातीच्या उंचीवर. त्याच्याभोवती पांढऱ्या दुपट्ट्याचा तुकडा गुंडाळलेला, ओलागच्च. खाली थेंब पडायला स्टीलची वाटी, आणि वाटीखाली जुन्या उर्दू पेपरची घडी. सगळं कसं नेटकं. कोरड्या उन्हात माठाला ओलं फडकं गुंडाळलं की आतलं पाणी गार होतं, तसंच.

मी नवा सेन्सर काढून त्याच्या वीतभर अंतरावर टांगला. पाच मिनिटांनी जुना सांगत होता तेवीस. नवा सांगत होता छत्तीस.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दुसरा एसी बंद पडला तवापासून. दीड साल झालं असन.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमाले काय सांगू? तुमी त्या कळीसाठी अर्ज करून करून थकल्या. मी पाह्यलं ना.” त्यांनी वाटीतलं पाणी खिडकीबाहेर टाकलं. “आलारम वाजला की पुन्याहून साहेबाचा फोन. ‘चाचा, बंद करा तो आवाज, महिन्याच्या अहवालात लाल खूण येते.’ मी म्हनलं साहेब, एसी दुरुस्त करा. ते म्हनत, ‘करू, पण आधी आवाज बंद करा.’ रोज. दुपारी जेवाले बसलो की फोन. मंग केला बंद.”

“यंत्रं जळली असती तर?”

“जळू देतो काय?” त्यांना राग आला. उठून त्यांनी रॅकच्या मागे हात घातला आणि एकेका यंत्राच्या पाठीवर तळवा टेकवत गेले. “हे पाहा. हे ठीक. हे ठीक. हे तापलं, याले आता पंखा लावतो. जिनिंगमध्ये रुईच्या गठानीले आतून आग लागते ताई. धूर दिसला म्हनजे गठान गेली. आमी हात लावूनच पाहो. फडकं ओलं कराले दर तासाले येतो, तवा सगळ्याइले हात लावून जातो. या खोलीतलं एक तरी मशीन गेलं का दीड सालात? अमरावतीचे दोन गेले तुमचे.”

ते खरं होतं. आमचे दोन गेले होते.

मी स्टुलावर बसले. घाणेरडं वाटत होतं आणि नेमकं कशाचं ते ठरवता येत नव्हतं. फडक्याचं वाटत होतं, साहेबांच्या फोनचं वाटत होतं, आणि दीड वर्ष त्या रेघेकडे बघून खूश होणाऱ्या माझं तर वाटतच होतं. मे महिन्यात अकोला बावीसवर, आणि मला शंका आली नाही. मी वऱ्हाडात जन्मले, वाढले. पुण्याच्या माणसाने विश्वास ठेवला असता तर एकवेळ चाललं असतं.

“नव्या योजनेत तुमचं नाव नाही, चाचा,” मी सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी रिकामी वाटी परत फडक्याखाली ठेवली. मग म्हणाले, “आता हे फडकं पाह्यलं म्हनजे तं पक्कंच.”

“हो.”

“छप्पन्न साल झाले मले. कोन ठेवते आता?” आणि मग लगेच, आवाज बदलून, “च्या घेता ना? दूध आनलं आहे सकाळी.”

मी परत येताना बसमध्ये हिशेब मांडला. खरं लिहिलं तर अहवालात शब्द येणार ‘सेन्सरशी छेडछाड’, आणि छेडछाड करणारा एकच माणूस, चाचा. साहेबांचे फोन कुठेच नोंदलेले नाहीत. खरं नाही लिहिलं तर नवं सॉफ्टवेअर नव्या सेन्सरने पहिल्याच दिवशी छत्तीस दाखवणार आणि तरीही प्रश्न चाचांवरच येणार. दोन्हीकडून तेच घरी जाणार होते.

मी तिसरं केलं. साहेबांना फोन लावला आणि छत्तीसचा आकडा सांगितला. फडकं सांगितलं नाही. जुना सेन्सर खराब आहे, म्हटलं. एसी दुरुस्त केल्याशिवाय आणि माणूस ठेवल्याशिवाय अकोला नव्या प्रणालीवर नेता येणार नाही, असं योजनेत लिहिते, म्हटलं.

साहेब शांत होते. तो शांतपणा आठवला की मला अजून शिसारी येते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मॅडम, अलार्मची मर्यादा किती आहे आपली?”

“अठ्ठावीस.”

“कोणी ठरवली?”

“यंत्रं बनवणाऱ्यांनी.”

“ते कागदावर झालं. पण छत्तीसमध्ये यंत्रं चालतायत ना? सेन्सर खराब झाल्यापासून चालतायतच की.”

“चालतायत,” मी म्हटलं.

“मग मर्यादा चाळीस करा की. विदर्भाचं हवामानच तसं आहे. स्थानिक परिस्थितीनुसार मर्यादा, असं लिहा. छान दिसेल.”

“आणि माणूस?”

“तुम्हाला तो हवाय का?” त्यांनी असं विचारलं जणू मी जेवणाबरोबर पापड मागितला होता. “ठेवू. एक वर्ष वाढवतो. तुम्ही मर्यादेवर सही करा, मी त्याच्या कंत्राटावर करतो. आणि हे सगळं लवकर आटपा, सरकारी खात्याला पुढच्या महिन्यात पडदा दाखवायचाय. सगळं हिरवं.”

मी सही केली. विचार करायला दोन दिवस घेतले असं सांगितलं तर चांगलं दिसेल, पण घेतले नाहीत. त्याच दुपारी योजनेच्या अकराव्या पानावर अकोल्यापुढे चाळीस लिहिलं आणि ‘स्थानिक परिस्थितीनुसार’ हेही लिहिलं. अमरावतीपुढे अठ्ठावीसच ठेवलं. शंभर किलोमीटरवर यंत्राची सहनशक्ती बारा अंशांनी वाढते, हे त्या योजनेवर सह्या करणाऱ्या सहा माणसांपैकी एकालाही खटकलं नाही.

जुनं बंद करून नवं सुरू करायच्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेले. कंत्राट वाढल्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता. चाचांनी फडकं स्वतः सोडलं, वाटीत पिळलं आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकलं. मी जुना सेन्सर काढला. पडद्यावर अकोला हिरवं आलं, खाली छत्तीस.

“हिरवं कसं?” चाचांनी विचारलं. “छत्तीस आहे ना?”

मी सांगितलं. मर्यादा, सही, वर्षभराचं कंत्राट. कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. यंत्राच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“मले इचारलं होतं?”

“विचारलं असतं तर काय म्हणाला असता?”

“नोको म्हनलो असतो.”

“आणि?”

“आनि घरी गेलो असतो. पैले पन गेलो होतो ना. मेलो नाही.” मग ते माझ्याकडे वळले. “ताई, फडकं बांधलं मी. खोटं होतं, मले मंजूर. पन दर तासाले पानी बदला लागे. मानूस आत आल्याशिवाय ते फडकं चालतच नव्हतं. तुमच्या फडक्याले कोनी लागते का?”

“तुम्ही आहात ना.”

“एक साल. मंग?”

चहा त्या दिवशी झाला नाही. कागद मी टेबलावर वाटीखाली ठेवून आले.

एक गोष्ट मात्र मी केली. चाचांना घरगुती तापमापक पाठवला, भिंतीवर लावायचा, आणि रोज दुपारी तीन वाजता अकोल्याला फोन करायला लागले. मोठ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नव्हता; ते मीच बसवलं होतं. वहीत तारीख आणि आकडा. आकडा फार चढला की मी दिवसभर पुण्याच्या मागे लागायचे. त्या पावसाळ्याआधी दुसरा एसी खरंच दुरुस्त झाला. दिवाळीनंतर पुन्हा बंद पडला.

आधी चाचा फोनवर फार बोलायचे. तिकडे पाऊस आहे का, नातवाने काय केलं, शेजारच्या दवाखान्यातल्या नर्सबाई तुमाले पुसत होत्या. आता फोन उचलायचे आणि म्हणायचे, “एकतीस.” मी म्हणायचे, “हात लावून पाहिलं?” ते म्हणायचे, “हो.” फोन बंद. वर्षभर एवढंच. मला ते वाईट वाटायचं, पण मी तक्रार करण्याच्या जागेवर नव्हते.

मार्चच्या शेवटी कंत्राट संपलं. मी पुण्याला लिहिलं, फोन केले, साहेबांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. शब्द एका वर्षाचा होता, त्यांनी बरोबर सांगितलं. वर्षभरात अकोल्यात एकही लाल खूण नाही, मग माणूस कशाला? जनरेटरची कळ ‘दुरुस्त’ अशी नोंद झाली होती. कोणी केली ते विचारलं तर कागदावर सही होती, माणूस सापडला नाही.

शेवटच्या दिवशी तीन वाजता चाचा म्हणाले, “चौतीस.” फोन ठेवला नाही. “उद्यापासून कोनाले इचारसान ताई?”

मी काहीतरी म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सवयीने मी तीन वाजता नंबर फिरवला. बंद खोलीत फोन वाजत राहिला. पडद्यावर अकोला हिरवं होतं.

मे महिन्यात एका दुपारी लोडशेडिंग सुरू झालं, जनरेटर सुरू झाला नाही, बॅटरीवर चालणारी यंत्रं एसीविना तापत राहिली आणि अकोल्याची दोन यंत्रं गेली. तीन तालुक्यांच्या याद्यांतला शेवटच्या काही आठवड्यांचा भाग गेला. त्या तालुक्यांच्या लोकांना पुन्हा अर्ज भरायला सांगितलं. ते पुन्हा रांगेत उभे राहिले, त्याच उन्हात. ठिपका शेवटपर्यंत हिरवा होता. शेवटचा आकडा एकोणचाळीस.

चाचा तोवर अकोल्यात एका कूलर दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागले होते. मी त्यांना फोन करून सांगितलं. त्यांना कळायला हवं होतं, आणि ते मीच सांगायला हवं होतं.

“किती होतं?” त्यांनी विचारलं.

“एकोणचाळीस.”

मागे दुकानात कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

“हात कोनी लावला होता का?”

“कोणी नव्हतं, चाचा.”

“हं,” म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

पुण्याहून कारणांचा तक्ता भरायला आला. यंत्र, तारीख, वेळ, अलार्म आला का, नसल्यास का नाही. शेवटचा रकाना माझा होता. मी तिथे खरं तेच लिहिलं. अलार्म आला नाही, कारण तापमान मर्यादेच्या आत होतं. खाली सही केली. तो तक्ता एका शब्दाचाही बदल न होता मंजूर झाला.